ओव्हरक्लॉक कुणी केलं?

पलूसकडचा एक गडी प्रोसेसरला डोकेदुखीचा बाम लावून मशीन माझ्याकडं घेऊन आला होता. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामध्ये राखाडी रंगाची पेस्ट असते. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवायचं काम तिचं. याची पेस्ट वाळली होती. बाम चोळला की आपलं कपाळ गार पडतं, मग प्रोसेसरचं का पडू नये, असा त्याचा हिशोब. कॅबिनेट उघडलं आणि दुकानभर निलगिरीचा वास सुटला.

"हे काय लावलंयस रं?"

"कुठं काय? आदीपास्नंच हाय ते."

बावीस वर्षं सांगलीत संगणक जोडायचं आणि दुरुस्त करायचं दुकान चालवतोय. 'आदीपास्नंच हाय' हे वाक्य मी जितकं ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. कुपवाडच्या एका कारखानदारानं मशीन ग्राइंडरशेजारी ठेवलं होतं. पंख्याच्या पात्यांना लोखंडाचा कीस चिकटून त्याची काटेरी फणी झालेली. तो मला म्हणाला, तुमच्या दुकानातनंच आला असंल कीस. माझ्या दुकानात लोखंड म्हणाल तर शटरचं तेवढं.

अशानं माणूस संशयी होतो. मी तर झालोच. ते लपवत नाही, कारण या धंद्यात ते गुणातच मोजलं जातं. पुढं जे सांगणार आहे ते मात्र गुणात बसत नाही.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी मूळचा कुंडलचा. घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. बी.एस्सी. केलं, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढं ती अक्षरं रंगवून घेतलीत. दुरुस्तीवाल्याला पदवी कशाला, म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला अजून चिडवतो. त्याला काय कळणार. गिऱ्हाईक पाटी वाचतं आणि मग माझं म्हणणं ऐकून घेतं. त्या अक्षरांना वजन आहे. किती आहे, ते मला फार उशिरा कळलं.

आता तापायचं काय प्रकरण असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. प्रोसेसर म्हणजे संगणकात सगळा हिशोब करणारा तुकडा, पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठा. बनवणारी कंपनी त्याला वेग ठरवून देते आणि किती वीज खायची तेही. त्याच्या पलीकडं त्याला पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्यांचं बळ असताना तिसरी जोडली, तरी तो ओढतो. पण चढ लागला की इंजिनाचं पाणी उकळतं. प्रोसेसरचंही तसंच. सत्तर-पंच्याहत्तर अंशांवर तो खुशाल राबतो. शंभराच्या जवळ गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. तेवढ्यानंही भागलं नाही, तर मशीन धाडकन बंद. चाललेलं काम गेलं.

तापायची कारणं चारच. धूळ, वाळलेली पेस्ट, सैल बसलेला कूलर, नाहीतर वाढवलेला वेग. आमच्या भागात धुळीत आणखी एक भर असते. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीतनं काळी राख उडते. दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तशी कॅबिनेटमध्येही जाऊन बसते. पहिली तीन कारणं डोळ्यांना दिसतात. चौथं माणसाच्या तोंडातनं काढावं लागतं, कारण वेग वाढवला हे कबूल केलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल, ही भीती. म्हणून मी प्रश्न विचारायचो आणि उत्तराकडं दुर्लक्ष करायचो. माणूस बघतोय कुठं, ते बघायचो. खरं बोलणारा माझ्या तोंडाकडं बघतो आणि खोटं बोलणारा मशीनकडं, हा माझा ठोकताळा. त्याच्यावर मी पुष्कळ जणांना पकडलंय.

या ठोकताळ्यानं मी ज्या पोरीला खोटं ठरवलं, तिला इथं प्रतीक्षा म्हणतो. खरं नाव वेगळं आहे. कराडजवळचं गाव, वडील सैन्यातनं निवृत्त झालेले. हुद्दा हवालदाराचा, पण आमच्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला लोक मेजरच म्हणतात, मीही म्हणायचो. नोकरीभर त्यांनी लष्कराच्या गाड्यांची इंजिनं उघडली आणि परत जोडली. पोरगी सिव्हिल डिप्लोमा झालेली. गावोगाव बंगले बांधणाऱ्यांना ती 'घर बांधून झाल्यावर कसं दिसेल' याची थ्रीडी चित्रं करून द्यायची. जुन्या लॅपटॉपवर एका चित्राला अर्धा दिवस लागायचा. कराडच्या एका बिल्डरनं तिला पहिलं मोठं काम देऊ केलं. त्याच्या वीस बंगल्यांच्या स्कीमचा व्हिडिओ, घराघरातनं फिरवून आणणारा, दिवाळीच्या पाडव्याला बुकिंग सुरू व्हायच्या आत. त्या कामासाठी मेजरांनी नवं मशीन घ्यायचं ठरवलं.

"इंजिनेर, पोरीचं काम आडता कामा न्हाई," मेजर मला म्हणाले. मी इंजिनिअर नाही. पण ते तसं म्हणायचे आणि मी दुरुस्त करायचो नाही.

सुटे भाग प्रतीक्षानंच निवडले. यादी करून आणली होती, माझ्या दोन सूचना तिनं कारण देऊन खोडल्या. मला ते फारसं रुचलं नाही. मशीन दसऱ्याला न्यायचं ठरलं.

दसऱ्याचं आमच्या धंद्यात असं असतं की सगळ्यांना मशीन त्याच दिवशी आणि मुहूर्तावर पाहिजे. घरी नेऊन हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून, मग बटण दाबायचं. एरवी मी जोडलेलं मशीन चार तास पूर्ण जोरावर चालवून बघितल्याशिवाय दुकानाबाहेर सोडत नाही. त्या दसऱ्याला नऊ मशीन होती, सगळ्यांत एकाच नव्या मॉडेलचा बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी, आणि काउंटरसमोर नऊ घरची माणसं घड्याळ बघत उभी. मी चाचणी घेतली नाही. मेजरांना सांगितलं, "घरी गेल्यावर स्क्रीनवरचं हे लाल चिन्ह दाबा. तासभर चाचणी चालू द्या. गरम होईल, घाबरू नका. चाचणीत तापणारच."

त्यांच्या मशीनच्या कूलरवर छोटा आकडा दिसायची सोय होती. कॅबिनेटच्या काचेतनं प्रोसेसरचं तापमान वाचता यायचं. मेजरांना ती फार आवडली. "गाडीच्या टेंपरेचरच्या काट्यागत हाय की," म्हणाले आणि मशीन मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले.

आठव्या दिवशी बापलेक मशीन घेऊन परत दुकानात. व्हिडिओचं काम लावलं की वीस मिनिटांत मशीन बंद पडत होतं. बिल्डरला दाखवायचा पहिला तुकडा दोनदा अर्ध्यात गेला होता.

मी कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा कण नव्हता. मेजर रोज सकाळी रंगाच्या ब्रशनं झाडत होते. पेस्ट ओली, कूलर घट्ट. तीन कारणं गेली. मग बोर्डाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, गेलो आणि मला पाहिजे ते सापडलं. विजेची मर्यादा उघडलेली आणि सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले हिशोब करणारे भाग, शेवटच्या वेगावर टेकवलेले. तिसरी ट्रॉली.

"वेग वाढवला का?" मी प्रतीक्षाला विचारलं.

"नाही."

"बायोसमध्ये गेला होता?"

"नाही हो. मी तिकडं गेलेच नाही."

ती मशीनकडं बघत होती. सगळा वेळ.

मला एवढं पुरलं. ती तरुण, हुशार, सुटे भाग स्वतः निवडणारी, पाडव्याची घाई असलेली. इंटरनेटवर असले उद्योग शिकवणारे व्हिडिओ पैशाला पासरी. मी मेजरांकडं वळलो आणि आवाज शांत ठेवून म्हणालो, "मेजर, हे आपोआप होत नाही. कुणीतरी आत जाऊन केल्याशिवाय होत नाही. घरात दुसरं कोण आहे?"

दुकानात त्या वेळी आणखी तीन गिऱ्हाइकं होती. ती प्रतीक्षाकडं बघायला लागली.

मेजरांनी पिशवीतनं एक दोनशेपानी वही काढून काउंटरवर ठेवली. "रोज तीन टाइम आकडा लिवलाय. बगा, काय कळतंय का."

मी शेवटची दोन पानं चाळली. ९७, ९९, ९६. सगळं निळ्या शाईत, एकाच वळणाचं, खाडाखोड नाही. माझ्या मनात आलं, हे एका बैठकीत लिहून काढलंय. पोरीनं बापाला आकडे सांगितले आणि बापानं उतरवले. रोज तीन वेळा कोण लिहितं? मी वही मिटली.

"व्हय काय गं?" मेजरांनी तिला विचारलं.

"आबा, मी न्हाई केलं."

"हे शिकल्याली मानसं हायती. बी.एस्सी. हायती. उगं कशाला बोलतील?"

मेजर मला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मशीन हितंच. बिघडलं त्येचं काय न्हाई, बिघडतंच. पर केलं तर केलं म्हनायचं. खोटं बोलनाराच्या हातात मशीन कशाला द्यायचं?"

खोटारडं ठरवून मी कुणाला बाहेर पाठवतो तेव्हा मनात एक बारीक समाधान असतं. ते त्या दिवशीही होतं, हे लिहायला लाज वाटते, पण होतं.

मशीन आणि वहीसकट ती पिशवी चार दिवस दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहिली. सेटिंग जुन्या जागी आणून द्यायला मला पाच मिनिटं लागली असती. मेजर म्हणाले ठेवा, म्हणून ठेवलं. पाचव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पिशवी हलवताना वही खाली पडली आणि मी ती उघडली ती पहिल्या पानावर.

दसऱ्याच्या तारखेखाली लिहिलं होतं: 'दुपारी ३. लाल चिन्ह दाबले. चाचणी चालू. प्रतीक्षा सकाळपासून कराडला साइटवर, अजून आली नाही. मी एकटा. हार ती आल्यावर. आकडा ९८. इंजिनेर म्हणाले तापणार.' त्याखाली: 'सायं. ७. प्रतीक्षा आली. हार घातला. आकडा ४१.'

मी स्टुलावर बसलो. पोरीचा हात मशीनला लागायच्या आधीच आकडा अठ्ठ्याण्णव होता. हे लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मीच सांगितलं होतं, घाबरू नका. पोरीला वाचवायला कुणी खोटं लिहिलं असतं, तर तो ते पहिल्या पानावर लपवून मुकाट उभा राहिला नसता. मग पानं नीट बघितली. शाई निळीच, पण एका पानावर चहाचा गोल, एकावर रिफिल संपत येऊन अक्षर फिकट, पुढच्या पानावर नवी रिफिल. रोज तीन वेळा लिहिणारा माणूस असतो. नोकरीभर गाडीचं लॉगबुक भरलेला माणूस असतो.

आता संशय घ्यायला मशीन आणि मी, दोघंच उरलो होतो.

बोर्डाचं सेटिंग कोऱ्यासारखं केलं आणि दसऱ्याला मी ज्या क्रमानं केलं होतं त्याच क्रमानं सगळं पुन्हा करत गेलो. रॅमचा वेग बरोबर लावण्यासाठी एक पर्याय निवडावा लागतो, तो निवडला. लगेच पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यात इंग्रजीत तीन ओळी होत्या. सगळ्या कोअरना मर्यादेबाहेर जोर द्यायचा का, तापमान वाढेल, कूलर मोठा असेल तरच करा. खाली होय आणि नाही. ठिपका आधीच 'होय'वर होता.

जुन्या बोर्डांत ही चौकट नव्हती. दसऱ्याला ती नऊ वेळा माझ्यासमोर आली असणार आणि नऊ वेळा मी एंटर मारला असणार. समोर घड्याळ बघणारी माणसं, हातात पुढचं मशीन. घरात इंग्रजी वाचणारा पहिला माणूस मी, आणि तीन ओळी वाचल्या नाहीत.

आधी बाकीच्या आठ जणांना फोन केले. पाच जण म्हणाले मशीन तापतंय, पण नवं असेल म्हणून गप्प होतो. एक मास्तर म्हणाले, "तरीच. आमचं मांजार दसऱ्यापास्नं त्येच्यावरनं उटंना." आठही जणांना मी सांगितलं की चूक माझी आहे. ते सोपं गेलं. त्यांच्यातल्या कुणालाच मी खोटं म्हटलं नव्हतं.

प्रतीक्षाचं मशीन मर्यादेत आणून चार तास पूर्ण जोरावर चालवलं. आकडा शहात्तरच्या वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत घालून मी कराडकडं निघालो. वाटेत किती वेळा तरी मनात वाक्य जुळवलं. तांत्रिक बिघाड म्हणता आलं असतं. नव्या बोर्डाचा दोष म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. मेजरांनी ते मानलं असतं. पाटीवरची अक्षरं होतीच.

मेजर दारातच होते. मशीन बघून म्हणाले, "कशाला आनलासा? मी ठेवा म्हनलो हुतो."

"प्रतीक्षा आहे का?"

ती आतल्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर काहीतरी करत होती. मी मशीन टेबलावर ठेवलं. "ओव्हरक्लॉक माझ्या हातनं झालं होतं," मी म्हणालो. "दसऱ्याला, दुकानात. तुम्ही काही केलं नव्हतं."

तिनं मान वर केली. "मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं." मग दाराकडं बोट केलं. "त्यांना सांगा."

मेजर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं, तरी मी वळून त्यांच्याकडं बघून सगळं पहिल्यापासनं सांगितलं. चौकट, तीन ओळी, एंटर. त्यांच्या वहीचं पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. मी ते त्या दिवशी वाचलंच नव्हतं, हेही सांगितलं. आणि शेवटी जे वाक्य वाटेत एकदाही जुळलं नव्हतं ते म्हणालो, "मेजर, पोरगी खरं बोलत होती. खोटा मी पडलो."

"तुमी तर म्हनालासा, आपोआप हुत न्हाई."

"होत नाहीच. मी केलं."

मेजर वहीकडं बघत राहिले. "तीनला ती साइटवर हुती," ते स्वतःशीच म्हणाले. "मीच लिवलंय की."

"तुमच्या कामाचं काय झालं?" मी प्रतीक्षाला विचारलं.

"बिल्डरनं परवा पुण्याच्या माणसाला दिलं." ती मशीनची वायर जोडत होती. "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही लगेच ठरवलंत. कशावरनं?"

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. मशीनकडं बघत होता."

"माझं काम होतं त्यात," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं कशाला बघू?"

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, आकडा एकोणचाळीसवर आला. तिनं जुनं अर्धवट काम उघडलं आणि चालू केलं. आता त्या व्हिडिओची कुणालाच गरज नव्हती, तरी केलं. आम्ही तिघं आकड्याकडं बघत राहिलो. पन्नास, चौसष्ट, बहात्तर, पंच्याहत्तर. तिथं थांबला. विसावं मिनिट गेलं, पंचविसावं गेलं.

मेजर उठले. "बसा," म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले. प्रतीक्षा उठायला लागली तर आतनं आवाज आला, "तू बस. काम कर तुजं." भांड्यांचा बराच आवाज झाला. साखर कुठं असते हे त्यांना माहीत नसावं, कारण दोन-तीन डबे उघडल्याचं ऐकू आलं. तिनं सांगितलं नाही.

चहाचे तीन कप घेऊन ते बाहेर आले. आमच्याकडं पहिला कप पाहुण्याला देतात, त्यात वय, नातं, भांडण काही बघत नाहीत. मेजरांनी पहिला कप पोरीच्या कीबोर्डशेजारी ठेवला. दुसरा घेऊन स्वतः तिच्या शेजारी बसले. तिसरा ट्रेमध्ये तसाच होता. मी उठून तो घेतला.